शरीफसाहेबांना रघू दीक्षित मिळाला, अमर शेखांना कोण?

आमच्या उंब्रजवरून जाणारा महामार्ग पुढे बेंगळुरूला जातो. कराड, कागल, निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी मागे टाकून हावेरी जिल्ह्यात शिरलं की शिगगाव लागतं. त्या तालुक्यात शिशुनाळ नावाचं गाव आहे. १८१९ साली या गावात एका मुस्लीम घरात शरीफ नावाचा मुलगा जन्मला. मुलकी परीक्षा पास होऊन तो प्राथमिक शाळेत शिक्षक झाला, म्हणजे आमच्याच बिरादरीतला. पुढे नोकरी सुटली. गोविंद भट्ट नावाच्या ब्राह्मण गुरूच्या पायाशी तो बसला आणि कानडीत पदं रचू लागला. गळकं छप्पर, हुक्का, असे घरातलेच विषय घेऊन तो देह आणि आत्म्याबद्दल बोलायचा. १८८९ मध्ये त्यांचं निधन झालं. शिशुनाळला आजही हिंदू आणि मुसलमान दोघं माथा टेकायला जातात.

त्यानंतर जवळपास एकशेवीस वर्षांनी, २००८ मध्ये, रघू दीक्षित या गायकाचा पहिला अल्बम आला. जन्म आपल्या नाशिकचा, वाढला म्हैसूरला. सूक्ष्मजीवशास्त्रात सुवर्णपदक, भरतनाट्यमचं शिक्षण, गिटार मात्र स्वतःच शिकलेला. आधीचा ‘अंतराग्नी’ हा बँड फुटला. रेकॉर्ड कंपन्या वर्षानुवर्षं दारातून परत पाठवत राहिल्या. शेवटी विशाल-शेखर या संगीतकार जोडीने मुंबईत त्याला ऐकलं आणि स्वतःच्या लेबलवर अल्बम काढला. पुढची चढण झपाट्याची आहे. २०१० मध्ये बीबीसीवर जूल्स हॉलंडचा कार्यक्रम, दुसऱ्या वर्षी ग्लास्टनबरीचा महोत्सव. रंगीत लुंगी, पायात घुंगरू, गिटार, व्हायोलिन, ड्रम. आणि या सगळ्या दणदणाटाच्या मधोमध शिशुनाळच्या शरीफसाहेबांची पदं.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याने मला त्यातलं एक गाणं पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘खाला, ये सुनो, जबरदस्त है.’ त्याला कानडीचा एक शब्द येत नाही. पद लिहिणारा मुसलमान मास्तर होता, हे मी सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘मराठीत ऐसा कोई नहीं हुआ क्या?’

हा लेख त्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिते आहे. झाला, आणि एकच नाही.

पण आधी कानडीतली गोष्ट नीट समजून घेऊ. रघू दीक्षितने शरीफांना विस्मृतीतून उकरून काढलं, असं मुळीच नाही. खेड्यापाड्यांतले भजनी ती पदं गात होतेच. सी. अश्वथ यांनी त्यांना भावगीतासारख्या चाली लावून शहरातल्या घराघरांत पोहोचवलं. १९९० मध्ये नागाभरण यांनी शरीफांवर चित्रपट काढला, त्यात गोविंद भट्टांच्या भूमिकेत गिरीश कर्नाड होते. म्हणजे बँडच्या हातात पद आलं तेव्हा ते तीन पिढ्यांच्या तोंडातून फिरून मऊ झालं होतं. ऐकणाऱ्याच्या आईला, आजीला ते माहीत होतं. नातवाने त्यात फक्त विजेची गिटार ऐकली. लोकसंगीतातून रॉक उभा राहतो तो असा. खालची जमीन कुणीतरी सतत भिजवत ठेवावी लागते.

आता आपल्याकडे या.

२० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत मेहबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा जन्मला. घरात गरिबी. आई मुनेरबी लोकगीतं म्हणायच्या, तीच त्याची पहिली शाळा. तो बसवर क्लीनर झाला, गिरणीत कामगार झाला, बार्शीच्या गिरणीतल्या संपात उतरला, विसापूरच्या तुरुंगात गेला. नंतर कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत कामाला होता. त्या दिवसांत त्याचं नाव ‘अमर शेख’ झालं. ‘अमर’ हा संस्कृत शब्द, ‘शेख’ हा अरबी. दोन्ही एका दमात म्हणायचे. मी मराठी आणि उर्दू दोन्ही विषय शिकवते, पण माझ्या दोन विषयांचं याहून नेमकं नाव मला सुचलेलं नाही.

१९४४ मध्ये मुंबईत लालबावटा कलापथक उभं राहिलं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर हे त्याचे तीन खांब. अण्णा भाऊ आमच्या शेजारचे. कराडच्या पलीकडे वाळवा तालुक्यातलं वाटेगाव हे त्यांचं गाव. मांगवाड्यात जन्मलेला एक, बार्शीच्या मुसलमान वस्तीतला एक, आणि गवाणकर. तिघांच्याही जवळ भांडवल नाही, गॉडफादर नाही. गिरणगावातल्या चाळींचं पटांगण हाच रंगमंच. ढोलकी, डफ, तुणतुणं, झांज. पुढे एक गाणारा, मागे झीलकरी.

याला बँड म्हणायला काही जणांना जड जाईल. मला जात नाही. बँड म्हणजे तरी काय? स्वतःची गाणी स्वतः रचणारी, एकत्र वाजवणारी, गावोगाव फिरणारी टोळी. तुणतुण्याची तार एकच सूर धरून ठेवते, ते काम तिकडे बास गिटार करते. ढोलकीच्या जागी ड्रम आहे. झीलकरी ओळीचा शेवट उचलून धरतात आणि मुख्य गाणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत देतात, तेच काम इंग्रजी गाण्यात कोरस करतो. अमेरिकेत वुडी गथ्री गिटार पाठीला लावून कामगारांच्या सभांतून गात फिरत होता, तेव्हा इकडे अमर शेख डफ घेऊन फिरत होते. गथ्री १९१२ ते १९६७, अमर शेख १९१६ ते १९६९. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. पुढे १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला तर काही श्रोत्यांनी हुर्यो उडवली. परंपरा बाटली म्हणे. आपल्याकडे अण्णा भाऊंनी तमाशाच्या गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन केलं, ते त्याच्या कितीतरी आधी. विजेची तार नव्हती, पण झटका तोच होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या कलापथकावर बंदी घातली. साध्या करमणुकीवर सरकार बंदी घालत नसतं.

अमर शेखांचा आवाज ज्यांनी ऐकला ते सगळे एकच शब्द वापरतात, पहाडी. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आत्रे, डांगे, एसेम यांच्या भाषणांआधी मैदान तापवायचं काम शाहिरांचं होतं. अण्णा भाऊंची मैनेची छक्कड, अमर शेख आणि गवाणकर यांची गाणी, आत्माराम पाटलांचे पोवाडे. १०६ हुतात्म्यांची नावं आपण १ मेला घेतो. त्या चळवळीला गर्दी कुणी जमवून दिली, हे विचारलं तर त्या उत्तरात एक शेख आहे. महाराष्ट्र कुणी घडवला याच्या गप्पा हल्ली फार चालतात, म्हणून हे जरा ठासून लिहिते.

ते नुसते गाणारेही नव्हते. ‘कलश’ हा त्यांचा कवितासंग्रह १९५८ चा, ‘धरतीमाता’ १९६३ चा. १९६१ च्या ‘प्रपंच’ चित्रपटात सुलोचनाबाईंसमोर त्यांची भूमिका आहे. त्यांच्या कन्या मल्लिका अमर शेख स्वतः मोठ्या कवयित्री. १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले. बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ अपघातात अमर शेख गेले. आयुष्यभर रस्त्यावर फिरलेला माणूस रस्त्यावरच गेला. वय त्रेपन्नही पुरं झालेलं नव्हतं.

मग झालं काय? नववीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर ‘शाहीर अमर शेख’ एवढंच लिहिलं आणि मुलांना विचारलं, हे कोण असतील? माझ्या वर्गात निम्मी मुलं मुसलमानांची. एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, शाहीर है तो शेख कायकू?’ वर्ग हसला. तीही हसली. शाहीर म्हणजे फेटा, भगवा झेंडा, शिवजयंती, हे चित्र तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि हा ‘शाहीर’ शब्द आला कुठून? अरबीतल्या ‘शाइर’पासून. मी तो फळ्यावर उर्दूत लिहून दाखवला तेव्हा ती हसायची थांबली. पेशवाईच्या शेवटी गाजलेले सगनभाऊ जेजुरीचे, जातीने शिकलगार, धर्माने मुसलमान. त्यांच्या लावण्या-पोवाड्यांशिवाय मराठी शाहिरीचा इतिहास पुरा होत नाही. त्याच्याही आधी श्रीगोंद्याचे शेख महंमद. ‘योगसंग्राम’ हा त्यांचा ग्रंथ १६४५ चा. त्यांना वारकरी संतांच्या मांदियाळीत मान आहे. आमच्या मुलांच्या कानावर यातलं काहीच पडत नाही, आणि त्यांच्या शेजारच्या बाकावरच्या मुलांच्याही नाही.

याचा दोष वाटायचा झाला तर मी दोन्हीकडे वाटेन.

बहुसंख्याक समाजातले पुरोगामी मित्र अमर शेखांचं नाव फार प्रेमाने घेतात. पण लगेच पुढे म्हणतात, ते धर्माच्या पलीकडे गेले होते. हे वाक्य मला खुपतं. अण्णा भाऊंबद्दल बोलताना ‘ते जातीच्या पलीकडे गेले’ असं म्हणून कुणी थांबतं का? त्यांचा मांगवाडा, त्यांची हलगी, ‘फकिरा’तली वाटेगावची माणसं, हे सगळं मानाने सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे. मग अमर शेखांची मुनेरबी का गाळायची? मराठी लोकगीतं म्हणणारी मुसलमान बाई ही अपवाद नव्हती. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची, त्यात विठ्ठलही यायचा आणि पीरही. घरात बोलायची दखनी, दळायची मराठीत. अमर शेख कम्युनिस्ट होते, नमाज-रोज्याबद्दल त्यांचं काय म्हणणं होतं ते त्यांचं त्यांना माहीत. पण त्यांचा गळा ज्या घरात तयार झाला ते घर मुसलमानाचं होतं, हे सांगायला लाजायचं कशाला?

आपल्या लोकांचं दुसरंच. कम्युनिस्ट म्हणून एकदा शिक्का मारला की विषय संपला. तरक्कीपसंद शायरांत कैफी आझमी होते, साहिर होते, मखदूम होते, तेही कम्युनिस्टच. त्यांचे शेर आपण लग्नपत्रिकेवर छापतो. अमर शेख मराठीत गायले, म्हणून ते परके? मुशायऱ्याला पदरचे पैसे मोडून जाणारा आमचा माणूस शाहिरी जलशाला जात नाही, कारण ते ‘उनका’ असतं. उर्दू ही आपली अदब आणि मराठी ही बाजारची, दाखल्याची, पोलीस ठाण्याची भाषा, अशी वाटणी आपणच करून ठेवली. नंतर कुणी ‘तुमचं मराठी छान आहे हो’ म्हणालं की राग येतो. मलाही येतो. पण त्या वाक्याला मोडून काढणारा माणूस आपल्या घरात होता आणि आपण त्याचा फोटोही लावला नाही.

तिसरी अडचण संगीताची. मागे एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी मुलांना समूहगीत बसवत होते, तेव्हा एका पालकांनी येऊन सांगितलं, ‘मॅडम, हमारे बच्चे को गाने-बजाने में मत डालो.’ अदबीने बोलले, मीही अदबीने ऐकलं. वाद्यांबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, ते जुने आहेत, आणि ते सोडवायचा माझा अधिकार नाही. पण एवढं दिसतं की ईदला, निकाहला डफ वाजवायला कडक मताचे आलिमही मोकळीक देतात, आणि चिश्ती बुजुर्गांच्या दरबारात समा चालत आला. ज्या घरात टीव्हीवर दिवसभर सिनेमाची गाणी चालतात त्या घरातून डफाला हरकत यावी, हे मला कळत नाही. त्याच संमेलनात पोवाड्याच्या निवडीत एका सहकाऱ्याने मला सुचवलं की फेटे बांधायचे आहेत, तर ‘आपली’ मुलं घेतलेली बरी दिसतील. ‘आपली’ म्हणजे कुठली हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. दोन माणसं, दोन टोकांची, एकमेकांना कधी भेटलेली नाहीत. दोघांचं काम मात्र एकच होत होतं.

आणि तरी जमीन अजून पुरती कोरडी पडलेली नाही. आमच्या या पट्ट्यात मोहरमला करबल होतो. रिंगण धरून, हलगीच्या तालावर, हसन-हुसैनची गाणी मराठीत म्हणतात. म्हणणाऱ्यांत हिंदू जास्त असतात, हे बाहेरच्याला सांगितलं तर पटत नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला गगनचुंबी ताबुतांच्या भेटी होतात, ते पाहायला लांबून माणसं येतात. ते ताबूत उचलणारे खांदे दोन्ही समाजांचे. अलीकडे आपल्यातलेच काही तरुण याला बिदअत म्हणून हिणवतात, आणि तिकडचेही काही तरुण ‘आपण कशाला जायचं’ म्हणतात. अकीदा ज्याचा त्याने सांभाळावा. पण करबलची चाल, ती हलगी, तो शब्द गेला तर तो परत कुठून आणणार? कर्नाटकात शरीफांची पदं भजनी मंडळांनी जिवंत ठेवली नसती, तर ग्लास्टनबरीला रघू दीक्षित काय गाणार होता?

आजचे बँड मी ऐकते, बऱ्यापैकी ऐकते. मुंबईत नीरज आर्यचा ‘कबीर कॅफे’ आहे, कबीराचे दोहे गिटार आणि मेंडोलिनवर वाजवत देशभर फिरतो. ‘अभंग रिपोस्ट’ची पोरं तुकोबांचे, ज्ञानोबांचे अभंग ड्रम आणि बास गिटार घेऊन गातात. जुन्या लोकांनी नाकं मुरडली, पण कॉलेजातली मुलं विठ्ठलाच्या नावावर नाचली. मला त्यात काही वावगं दिसत नाही. टाळ-मृदंगाचा ठेका मुळातच रॉकला लाजवणारा आहे, वारीत एकदा उभं राहून पाहावं. माझी तक्रार एवढीच की अभंगाचा शोध तुकोबांपाशी थांबतो. शेख महंमदांचे अभंग त्याच परंपरेतले आहेत, छापलेले आहेत, हाताशी आहेत. ते गिटारवर घेतलेला एकही बँड मला अजून ऐकायला मिळाला नाही. अमर शेखांची गाणी तर रॉकसाठीच लिहिल्यासारखी. त्यांना भारदस्त ठेका हवा, उंच स्वर हवा, मागे चार जणांचा दणका हवा.

मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख अध्यासन आहे. चांगलंच आहे. पण गाणं अध्यासनात राहत नाही. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या पसरणीच्या शाहीर साबळ्यांनी गायलेलं गीत २०२३ मध्ये राज्यगीत झालं. ते टिकलं याचं कारण सरकारी आदेश नव्हे. साठ वर्षं ते लग्नात, वरातीत, संमेलनात वाजत होतं. आदेश नंतर आला. अमर शेखांच्या वाट्याला ती वरात आली नाही. जयंतीला हार, पुण्यतिथीला व्याख्यान, व्याख्यानात तीच दोन वाक्यं.

रघू दीक्षितसारखा माणूस सरकारने किंवा समाजाने ठरवून तयार होत नाही, हे मलाही कळतं. आठ-दहा वर्षं नकार पचवत गात राहण्याचं वेड ज्याचं त्याच्यातच असावं लागतं. पण तो जेव्हा येईल, बार्शीतून, मिरजेतून, मालेगावातून, कुठूनही, तेव्हा त्याच्या तोंडात चाल असली पाहिजे. ती चाल घालायचं काम शाळेचं आहे, मोहल्ल्याचं आहे, मोहरमच्या रिंगणाचं आहे. तिथे मी बोलू शकते, कारण तिथे मी रोज असते.

या वर्षी संमेलनासाठी मी आठ मुलं निवडली आहेत. पाच मुलगे, तीन मुली. फेटे सगळ्यांना. ज्या मुलीने ‘शेख कायकू’ विचारलं होतं ती झील धरते, तिचा आवाज वर सहज जातो. हलगी वाजवणारा मुलगा मातंग समाजातला, करबलला त्याचे वडील वाजवतात. ते पालक पुन्हा आले होते. मी त्यांना मागे खुर्ची दिली आणि म्हटलं, एकदा ऐका, मग ठरवा. शेवटपर्यंत बसले, काही बोलले नाहीत, पोराला घेऊनही गेले नाहीत. सध्या अडचण एकच आहे. हलगी वाजायची तर कातडं शेकावं लागतं, आणि शाळेत जाळ करायला परवानगी नाही. म्हणून आम्ही ती मधल्या सुट्टीत पत्र्यावर उन्हात ठेवतो, आणि तालीम दुपारी करतो.